यकृतातली चरबी: येते कुठून, जाते कुठं

पोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी करावी, मुतखड्याचा मागमूसही नसावा आणि रिपोर्टच्या तळाशी भलतीच एक ओळ निघावी: ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’. असा रिपोर्ट हातात पडलेला माणूस एकटा नाही. जगातल्या प्रौढांपैकी साधारण दर तिघांत एकाच्या यकृतात गरजेपेक्षा जास्त चरबी असावी, असा अंदाज आहे. डॉक्टर रिपोर्टवर नजर टाकतात आणि म्हणतात, “काही विशेष नाही. वजन कमी करा, तेलकट बंद करा, चालायला लागा.” तेवढ्यात पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं जातं.

सल्ला चुकीचा नाही. पण वजन किती कमी करायचं? चालतात पाय, मग यकृताचं काय होतं? आणि तेलकटाचा यात दोष किती? हे प्रश्न घेऊन माणूस घरी येतो. त्यात २०२३ साली या आजाराचं नावच बदललं आणि २०२४-२५मध्ये त्यावरच्या औषधांच्या बातम्या झळकल्या. गोंधळ आणखी वाढला. तेव्हा सुरुवातीपासून बघू.

यकृत हे गोदाम नव्हे, मालधक्का

यकृत साधारण दीड किलोचं, उजव्या बरगड्यांच्या आड बसलेलं. आतड्यात पचलेल्या अन्नातली साखर आणि प्रथिनं एका मोठ्या शिरेतून थेट त्याच्याकडे येतात. स्निग्धांश तेवढा दुसऱ्या वाटेनं, रक्तात फेरफटका मारून पोहोचतो. आलेला माल उतरवायचा, निवडायचा, थोडा हाताशी ठेवायचा आणि बाकीचा पुढं रवाना करायचा, हे यकृताचं काम. म्हणजे रेल्वेच्या मालधक्क्यासारखं. धक्क्यावर पोती दिसणारच, पण ती तिथं मुक्कामाला आलेली नसतात.

शरीराचं चरबीचं खरं कोठार त्वचेखाली असतं. यकृतात चरबी अगदी थोडी असते. यकृताच्या शंभरातल्या पाचाहून अधिक पेशींमध्ये चरबीचे थेंब दिसू लागले, की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. मालाची आवक वाढली, जावक तेवढीच राहिली आणि धक्क्यावर पोती साचली, एवढाच त्याचा अर्थ. पुढचं सगळं समजून घेताना आवक आणि जावक हे दोनच शब्द लक्षात ठेवले तरी पुरे.

आता नावाबद्दल. दारू न पिणाऱ्यांनाही हा आजार होतो म्हणून कित्येक वर्षं त्याला ‘दारूमुळे न झालेला’ असं लांबलचक नाव होतं. आजार काय नाही हे सांगणारं, काय आहे ते न सांगणारं. २०२३मध्ये तज्ज्ञांनी ते बदललं. नव्या नावाचा मथितार्थ असा: चयापचयाचा, म्हणजे शरीर अन्नाचं जे काही करतं त्या सगळ्या कारभाराचा, बिघाड झाल्यानं चरबी साचलेलं यकृत. वाढलेला कमरेचा घेर, रक्तातली साखर, रक्तदाब आणि रक्तातली चरबी ही त्याचीच भावंडं. मला हे नाव जास्त प्रामाणिक वाटतं.

म्हणजे तेल खाल्लं म्हणून ही चरबी साचली का?

सरळ गणित तसंच वाटतं, पण यकृत ते तसं मांडत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फॅटी लिव्हरच्या रुग्णांना ओळखण्याजोगी खूण असलेले अणू अन्नातून आणि शिरेतून देऊन, यकृतातल्या चरबीचा माग काढला गेला. साधारण ५९ टक्के चरबी अंगावरच्या कोठारातून गळून आलेली होती. २६ टक्के यकृतानं स्वतःच, मुख्यतः साखर आणि पिष्टापासून, तयार केलेली होती. ताटातल्या तेलातुपातून थेट आलेली चरबी होती फक्त १५ टक्के.

कोठार का गळतं, याचं उत्तर इन्सुलिनमध्ये आहे. हे संप्रेरक जेवणानंतर दोन हुकूम सोडतं. कोठाराला सांगतं, “दार लावून घे, आता बाहेरून माल आलाय.” यकृताला सांगतं, “उरलेल्या साखरेची चरबी करून ठेव.” वजन वाढलं, बैठं आयुष्य लांबलं, की कोठार या हुकमाला दाद देईनासं होतं. दार उघडं राहतं आणि चरबी रात्रंदिवस रक्तात झिरपत राहते. स्वादुपिंड त्यावर आणखी इन्सुलिन सोडतं. पंचाईत अशी, की यकृत पहिल्यासारखंच आज्ञाधारक राहून दुसरा हुकूम मात्र इमानेइतबारे पाळतं. इन्सुलिन वाढलं तशी त्याची चरबी बनवण्याची घाईही वाढते. आवक दोन्हीकडून सुरू.

हंस आणि बदकं लांबच्या स्थलांतराआधी भरपेट खाऊन यकृतात चरबी साठवतात आणि मग हजारो किलोमीटर उडून ती जाळून टाकतात. याच पक्ष्यांना कोंडून नळीनं अन्न भरवलं, तर यकृत फुगून कित्येक पट मोठं होतं. भरवतात काय? मुख्यतः मका. तेल नव्हे, पिष्ट.

म्हणून तेल-तूप मोकळं सुटलं, असंही नाही. एका ग्रॅम चरबीत नऊ कॅलरी असतात, साखरेच्या किंवा पिष्टाच्या दुपटीहून जास्त. शिवाय चरबी कोणती, यानंही फरक पडतो. २०१८च्या एका प्रयोगात लठ्ठ स्वयंसेवकांना तीन आठवडे रोज हजार कॅलरी जादा खायला दिल्या. एका गटाला लोणी-चीज यांसारखी संपृक्त चरबी, एका गटाला सुकामेवा आणि वनस्पती तेलांमधली असंपृक्त चरबी, एका गटाला साखर. यकृतातली चरबी पहिल्या गटात ५५ टक्क्यांनी वाढली, असंपृक्त चरबीवाल्यांत १५ आणि साखरवाल्यांत ३३ टक्क्यांनी. म्हणजे ‘तेलकट बंद’ हा सल्ला अर्धवट आहे. गोड पेयाचा ग्लास हातात ठेवून तळण तेवढं सोडलं, तर आवकीचं एक दार लागतं, दुसरं सताड उघडं राहतं.

साखरेची आडवाट

साखरेचा निम्मा भाग ग्लुकोज, निम्मा फ्रुक्टोज. ग्लुकोज शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी वापरते. फ्रुक्टोजचा बहुतेक भार यकृतावर पडतो. ग्लुकोजच्या वाटेवर एक टोलनाका आहे. पेशीकडे पुरेशी ऊर्जा असेल, तर तो नाका वाहतूक रोखतो. फ्रुक्टोज मात्र आडवाटेनं येऊन नाक्याच्या पलीकडेच हमरस्त्याला लागतं. गर्दी झाली तरी त्याला अडवणारं कोणी नाही. मग जास्तीच्या मालाची चरबी होते.

२०१९मध्ये फॅटी लिव्हर असलेल्या ४० किशोरवयीन मुलांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांच्या घरचं अन्न असं बदललं, की वरून घातलेली साखर आणि रसातली साखर मिळून दिवसाच्या कॅलरींच्या तीन टक्क्यांखाली यावी. आठ आठवड्यांत त्यांच्या यकृतातली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७वर आली. नेहमीसारखं खाणाऱ्या मुलांत ती २१वरून २० झाली. १७ टक्के अजूनही जास्तच आहेत, पण दोन महिन्यांत, मुख्यतः एकाच बदलानं, इतकी घट म्हणजे थोडं नव्हे.

लगेच येणारा प्रश्न: मग फळं सोडायची का? नाही. अख्ख्या संत्र्यात फ्रुक्टोज असतं, पण ते चोथ्यात अडकलेलं, सावकाश सुटणारं. शिवाय दोन संत्र्यांनंतर हात आपोआप थांबतो. चार संत्र्यांचा रस घटाघट एका मिनिटात संपतो आणि पोट भरल्याचं जाणवतही नाही. फळ खा, पिऊ नका. मध ‘नैसर्गिक’ असतो हे खरं, पण त्यातही फ्रुक्टोज भरपूर असतं आणि यकृत माल कुठल्या पोत्यातून आला ते विचारत नाही.

मग ताटात असावं काय?

इथं पंथ फार. कोणी पिष्ट सोडा म्हणतं, कोणी चरबी, कोणी दिवसातले आठच तास खा म्हणतं. २००९चा एक छोटा अभ्यास या भांडणावर छान प्रकाश टाकतो. कॅलरी दोन्ही गटांना सारख्याच कमी दिल्या. एका गटाला पिष्ट कमी, दुसऱ्याला चरबी कमी. ४८ तासांत कमी पिष्टवाल्यांच्या यकृतातली चरबी जवळपास ३० टक्क्यांनी घटली, दुसऱ्यांची जेमतेम नऊ टक्क्यांनी. पण दोन्ही गटांचं वजन सात टक्क्यांनी उतरलं तोवर फरक पुसला गेला होता. ठरावीक तासांतच खाण्याचं तसंच. एकूण कॅलरी तेवढ्याच ठेवून तुलना केली, तेव्हा त्याचा वेगळा फायदा दिसला नाही. म्हणून मला विचाराल तर सर्वांत चांगला आहार तोच, जो पुढच्या वर्षीही तुमच्या ताटात असेल.

तरी दिशा ठरलेली आहे. गोड पेयं आधी जातील, कारण त्यांच्या जाण्यानं भूक वाढत नाही. भाज्या, कडधान्यं आणि कोंड्यासकट धान्यं वाढतील. प्रत्येक जेवणात प्रथिनं असतील, म्हणजे पोट भरेल आणि वजन उतरताना स्नायू टिकतील. लोणी-चीज, चरबीदार आणि प्रक्रिया केलेलं मांस यांची जागा मासे, सुकामेवा आणि असंपृक्त तेलं घेतील. भूमध्यसागरी आहाराची शिफारस यकृततज्ज्ञ करतात, तीही याच घटकांमुळे. नावात काही जादू नाही.

कॉफीबद्दल चांगली बातमी आहे. नियमित कॉफी पिणाऱ्यांत यकृतावर वण पडण्याचं प्रमाण कमी आढळतं. साखर आणि क्रीम घालून तिचं मिष्टान्न केलं नाही तर. दारूबद्दल वाईट बातमी. धक्क्यावर पोती आधीच साचलेली असताना ती आणखी एक मालगाडी आणून उभी करते. वण पडलेले असतील, तर पूर्ण बंद.

वजन किती उतरलं म्हणजे पुरे?

‘वजन कमी करा’ याला आकडा आहे, आणि तो सांगितला जात नाही याची मला नेहमी चुटपुट लागते. वजनाच्या तीन ते पाच टक्के घट झाली, की यकृतातली चरबी कमी होऊ लागते. सात ते दहा टक्क्यांनी यकृताची सूज उतरू शकते. दहा टक्के किंवा जास्त घटीनं पडलेले वणही मागं हटू शकतात. ८० किलोच्या माणसासाठी हे आकडे साधारण चार, सहा आणि आठ किलो असे होतात.

क्यूबामध्ये २९३ रुग्णांवर वर्षभर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात आधी आणि नंतर यकृताचा तुकडा काढून तपासला होता, म्हणून त्याला वजन आहे. दहा टक्के किंवा अधिक वजन उतरवलेल्यांपैकी ९० टक्के लोकांची यकृताची सूज निवळली, ४५ टक्के लोकांचे वण कमी झाले. मात्र दहा टक्क्यांची मजल गाठली साधारण दहातल्या एकानंच. औषधाची गोळी असती तर या परिणामावर ढोल वाजले असते. पण गोळी गिळायला एक क्षण लागतो आणि इथं वर्ष.

धीर देणारी गोष्ट अशी, की मालधक्का कोठाराच्या आधी रिकामा होतो. पोट अजून सुटलेलंच दिसत असतं, आरसा काही कबूल करत नसतो, पण आत यकृत हलकं झालेलं असतं. २००५च्या एका लहानशा अभ्यासात मधुमेह असलेल्या आठ जणांचं वजन सुमारे आठ किलोनं उतरलं. यकृतातली चरबी मात्र १२ टक्क्यांवरून जवळपास दोन टक्क्यांवर आली.

यावरून उपासमारीचा मार्ग धरू नये. वजन भराभर उतरलं, की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि स्नायूही झडतात. आठवड्याला अर्धा ते एक किलो ही चाल बरी. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, नाहीतर साखर एकदम खाली जाईल.

महिनाभर चाललो, काटा हललाच नाही

ही तक्रार घेऊन कित्येक जण व्यायाम सोडून देतात आणि तिथंच चुकतात.

२००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लठ्ठ, बैठ्या लोकांना चार आठवडे सायकल चालवायला लावली. वजन बदललं नाही. यकृतातली चरबी २१ टक्क्यांनी घटली. वजनकाट्यावर शून्य, यकृतात पंचमांश. काट्याला हे दिसत नाही, कारण दीड किलोच्या अवयवातल्या चरबीची घट ग्रॅमांत मोजावी लागते. एक पेला पाणी प्यायलं तरी काटा तेवढा हलतो.

चालणाऱ्या पायांचा यकृताशी संबंध असा: जेवणानंतर रक्तात आलेल्या ग्लुकोजचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. बसून राहिलेल्या माणसाचे स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत, दार उघडत नाहीत. परत फिरलेलं ग्लुकोज यकृताकडे येतं आणि तिथं त्याची चरबी होते. स्नायू आकुंचन पावू लागले, की ग्लुकोजसाठी दुसरं दार उघडतं. त्याला इन्सुलिनची चावी लागतच नाही. २०११मध्ये इन्सुलिनला दाद न देणाऱ्या तरुणांवर झालेल्या प्रयोगात ४५ मिनिटांच्या एकाच व्यायामानं पुढच्या जेवणानंतर यकृतात नव्यानं बनणारी चरबी सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. एकाच व्यायामानं! पण त्याचा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो. म्हणून रविवारी तीन तास घाम गाळून बाकी आठवडा खुर्चीत काढण्यापेक्षा, दिवसाआड तरी अंग हलवलेलं बरं.

किती करायचं? आठवड्याला किमान १५० मिनिटं, अशा वेगानं की बोलता येईल पण गाता येणार नाही. घरात दिवसभर उठबस होते हे खरं, तरी श्वास वाढत नसेल तर ती या हिशेबात धरू नका. गुडघे दुखत असतील तर चालण्याचा हट्ट नको. पाण्यातला व्यायाम, सायकल, खुर्चीत बसून हातांनी वजनं उचलणं हेही चालतं. वजनं उचलण्यानंही यकृतातली चरबी घटते आणि दम लागणाऱ्यांना ते झेपतं. स्नायू वाढले म्हणजे ग्लुकोजचं गिऱ्हाईक वाढलं.

व्यायामाला डोक्यावर घेऊन नाचायचंही कारण नाही. नुसत्या व्यायामानं होणारी घट आहारानं वजन उतरवल्यावर होणाऱ्या घटीपेक्षा कमी असते. अर्धा तास चालून खर्च झालेल्या कॅलरी एका गोड पेयात परत येतात.

पण मी तर बारीक आहे!

बारीक माणसालाही फॅटी लिव्हर होतं. प्रत्येकाच्या त्वचेखालच्या कोठाराची क्षमता सारखी नसते. कोणाचं शंभर किलोपर्यंत भरत नाही, कोणाचं साठ किलोतच भरतं आणि पुढचा माल यकृतात, पोटाच्या आत उतरतो. अशा माणसाला वजनापेक्षा कमरेची फीत खरं सांगते. शिवाय आनुवंशिकता आहे. पीएनपीएलए३ नावाच्या जनुकाची एक आवृत्ती यकृतातून चरबी सुटू देत नाही. ती २००८ साली सापडली आणि अनेकांमध्ये जन्मजात असते. बारीक रुग्णांना दहा टक्के वजन घटवायची गरज सहसा नसते, तीन ते पाच टक्क्यांनीही काम होतं.

ग्रेड विसरा, वण विचारा

सोनोग्राफीतली ‘ग्रेड’ म्हणजे यकृत पडद्यावर किती पांढरं दिसलं, याचा डोळ्यांनी लावलेला अंदाज. थोडी चरबी तिला दिसतच नाही. वीस-तीस टक्क्यांखाली ती सहज चुकते. रक्तातली यकृताची एन्झाइम्सही नॉर्मल असू शकतात. म्हणून ग्रेड वन आहे म्हणून निर्धास्त होऊ नये आणि ग्रेड टू आहे म्हणून हबकू नये.

पुढचं भवितव्य ठरतं फायब्रोसिसवर, म्हणजे यकृतात पडलेल्या वणांवर. साचलेल्या चरबीनं काही जणांत सूज येते, सूज टिकली तर वण पडतात, आणि वर्षानुवर्षं वणांवर वण पडून यकृत निबर झालं की सिरोसिस. वणांच्या या पायऱ्या शून्य ते चार. बहुतेक लोक वरपर्यंत पोहोचत नाहीत. त्यांना खरा धोका हृदयविकाराचा असतो. पण आपण कुठल्या पायरीवर आहोत, हे विचारायला हवं. त्यासाठी ‘फिब-४’ नावाचा स्वस्त हिशेब आहे. वय, दोन एन्झाइम्स आणि प्लेटलेट्स, एवढंच त्यात लागतं. उत्तर १.३च्या खाली आलं, तर मोठे वण असण्याची शक्यता कमी. पासष्टीनंतर ही मर्यादा थोडी वर धरतात. आकडा जास्त आला, तर फायब्रोस्कॅननं यकृताचा कडकपणा मोजतात. त्यात सुई टोचत नाहीत.

आता औषध आलंय ना?

आलंय. मार्च २०२४मध्ये अमेरिकेत रेसमेटिरोम या गोळीला आणि ऑगस्ट २०२५मध्ये सेमाग्लुटाइड या इंजेक्शनला या आजारासाठी मंजुरी मिळाली. दोन्ही मंजुऱ्या सूज असलेल्या आणि मध्यम ते पुढच्या पायरीचे वण पडलेल्या, पण सिरोसिस न झालेल्या रुग्णांसाठी आहेत. आणि दोन्हींत स्पष्ट अट आहे: आहार आणि व्यायामासोबत. ग्रेड वन रिपोर्ट घेऊन बसलेल्या बहुतेकांना ही औषधं लागू नाहीत.

‘लिव्हर डिटॉक्स’च्या बाटल्यांबद्दल दोनच वाक्यं. विषारी द्रव्यांची विल्हेवाट लावणं हे यकृताचं स्वतःचं रोजचं काम आहे. वनस्पतींचे तीव्र अर्क, अगदी ग्रीन टीचा दाट अर्कसुद्धा, घेऊन यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

राहिला शेवटचा प्रश्न, पुन्हा सोनोग्राफी कधी? महिन्याभरात तर नकोच. तिला बारीक फरक दिसत नाहीत आणि उगाच हिरमोड होतो. सहा महिने जाऊ द्यावेत. तोवर घरी मोजायला कमरेची फीत आहे. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, दर पंधरा दिवसांनी त्याच वेळी मापावं आणि आकडा लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी रक्ताची तपासणी करून फिब-४चा नवा आकडा त्या कागदावर मांडला, की डॉक्टरांपुढे ठेवायला ग्रेडपेक्षा जास्त काही हातात असेल.